घाटावर छापलेली गाइडं आणि कोकणातली कामं

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, खरेदी सुरू झाली की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या पुस्तकांच्या दुकानांत गाइडांची फळी दर्शनी येते. वरच्या खणात शिष्यवृत्ती आणि दहावी, मधल्यात पोलीस भरती आणि एमपीएससी. अगदी खाली, वाकल्याशिवाय दिसणार नाहीत अशी बाकीची: सातबारा वाचायला शिकवणारी, आंबा-काजूची, सरबत-लोणच्यांच्या उद्योगाची, वायरिंगची, शिक्षकांना एक्सेल शिकवणारी. हे परीक्षण मुख्यतः त्या खालच्या खणाचं आहे. वरच्या खणातल्या पुस्तकात चूक निघाली तर वर्गात सर-मॅडम ती सुधारून देतात. खालच्या खणातली चूक सरळ जमिनीत, भिंतीत किंवा बाटलीत जाते.

यातली बहुतेक पुस्तकं पुण्या-कोल्हापुराकडची. लिहिणारे जाणते असतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर काळी माती, बेताचा पाऊस आणि आखीव चौकोनी शेत असतं. इथे जांभा, कातळ, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारा वारा आणि एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं. कोणत्या माती-पावसासाठी आणि कोणत्या वर्षासाठी लिहिलंय हे न सांगणारं गाइड आमच्या मते निम्म्या किमतीचंच.

वर्षापासून सुरुवात करू. मुखपृष्ठावरच्या सालावर जाऊ नये, आतलं श्रेयपान उघडावं. तिथे ‘पुनर्मुद्रण’ असेल तर मजकूर जुनाच आहे, फक्त कागद नवा. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तर काय सुधारलं ते प्रस्तावनेत एका ओळीत तरी सापडायला हवं. त्यावरही विश्वास नसेल तर आत एक खूण शोधायची. पोलीस भरतीच्या किंवा कायद्याच्या पुस्तकात भारतीय न्याय संहिता हवी, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा तिने घेतली. चोरी अजून कलम ३७९ खाली आणि फसवणूक ४२० खाली दिली असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवावं. जीएसटीच्या पुस्तकात १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे चालू दर म्हणून दाखवले असतील, तर ते २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं आहे. पगारदारांसाठीच्या आयकराच्या पुस्तकांचंही तेच. १९६१ च्या कायद्याऐवजी आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, म्हणजे कलमांचे पाठ केलेले क्रमांक बदलले. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तरी जुनी बहुपर्यायी प्रश्नांची जाडजूड गाइडं ‘मुख्य परीक्षेसाठी उपयुक्त’ अशी पट्टी लावून विकली जातात. पूर्व परीक्षेच्या सरावाला ती चालतील, मुख्यला नाही.

शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात. परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, २०१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला. त्यामुळे फळीवर तिन्ही काळांतली पुस्तकं एकत्र नांदताहेत. इयत्ता बघूनच उचलावं. आठवीच्या गाइडात आणखी एक गोष्ट तपासावी. त्या परीक्षेत प्रत्येक पेपरातल्या जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात, आणि दोन्ही नोंदवावे लागतात. उत्तरसूचीत सगळीकडे एकेकच पर्याय छापला असेल तर संपादकाने परीक्षेचं परिपत्रकच वाचलेलं नाही. अशा गाइडावर वर्षभर सराव केलेलं पोर पहिला बरोबर पर्याय दिसला की पुढे पळतं. ती सवय नंतर मोडता मोडत नाही.

आता सातबारा. कोकणात सगळ्यात जास्त खपणारं आणि सगळ्यात उथळ लिहिलेलं गाइड हेच. नमुना सात म्हणजे काय, बारा म्हणजे काय, आठ-अ कशाला लागतो, फेरफार कसा वाचायचा, हे सगळ्यांत असतं आणि बहुधा ठीक असतं. घोळ क्षेत्रफळापासून सुरू होतो. सातबाऱ्यावर ०.२४.३० असं लिहिलेलं असतं तेव्हा ते ० हेक्टर, २४ आर, ३० चौरस मीटर. बरीच पुस्तकं ‘एक आर म्हणजे एक गुंठा’ म्हणून पुढे निघून जातात. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. वरच्या आकड्यात २४३० चौरस मीटर आहेत, ते भागिले १०१.१७ म्हणजे २४.०२ गुंठे. आर आणि गुंठा एकच धरले तर २४.३० गुंठे. फरक दिसायला किरकोळ, पण तो तीनशेहून जास्त चौरस फुटांचा आहे, आणि विक्रीचा भाव गुंठ्यावर ठरत असला तर मधल्या माणसाला तेवढा पुरतो. दुसरी चूक शून्याची. ०.०४.५० हे साडेचार आर. घाईत ते पंचेचाळीस आर वाचलं जातं. चांगलं पुस्तक अशी दोन-तीन उदाहरणं सोडवून दाखवतं. एकही सोडवलेलं उदाहरण नसलं तर पैसे वाचवा.

कोकणी वाचकाला खरी गरज असते ती आणेवारीची, आणि घाटावरची पुस्तकं नेमकी तीच गाळतात. जुन्या नोंदींत सहहिस्सेदारांचे हिस्से आणे-पैत लिहिलेले सापडतात. सबंध जमीन म्हणजे १६ आणे, एक आणा १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. तीन भावांचा समान हिस्सा प्रत्येकी ५ आणे ४ पै, म्हणजे ६४ पै, बरोबर एक तृतीयांश. इथवर सगळं सरळ. पुढे त्यातल्या एका भावाला तीन वारस लागले की ६४ ला तिनाने भागावं लागतं आणि येतात २१ पै आणि वर एक तृतीयांश. लिहिणारा १ आणा ९ पै लिहून मोकळा होतो. तिघांचे मिळून ६३ पै झाले, एक पै कुठेच नाही. पिढी-दोन पिढ्या हे असंच चाललं की बेरीज १६ आण्यांना जुळत नाही आणि वाटपाच्या वेळी गणपतीला आलेले चाकरमानी आणि गावातले भाऊ समोरासमोर बसतात. उपाय साधा आहे: हिस्सा अपूर्णांकात मांडायचा. एक तृतीयांशाचा एक तृतीयांश म्हणजे एक नवमांश. २४.३० आरांचा एक नवमांश म्हणजे २.७० आर, बाकी शून्य. १ आणा ९ पैने काढलं तर २.६६ आरच्या आसपास येतं. ज्या पुस्तकात हे एवढं एक पान आहे, ते बाकी कितीही गचाळ छापलेलं असो, कोकणात घ्यावं.

त्याच पुस्तकात वारस नोंदीचं प्रकरण काढून दोन गोष्टी पाहाव्यात. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते, हे स्पष्ट लिहिलंय का? आणि वारसांच्या तक्त्यात मुली मुलग्यांच्या बरोबरीने आहेत का? हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, तरी जुना तक्ता तसाच छापणारी पुस्तकं फळीवर आहेत. हे फक्त जुनेपण नाही, यातून दावे उभे राहतात.

आंबा-काजूच्या पुस्तकांत रोपं, कलमं, खड्डे यांची प्रकरणं जवळपास सारखीच, एकमेकांवरून उतरवलेली. परीक्षा घ्यायची ती पॅक्लोब्युट्राझोलच्या, म्हणजे मोहर लवकर आणणाऱ्या औषधाच्या पानावर. बाजारात त्याला सगळे कल्टारच म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे: दर मीटरला ३ मिलिलिटर. विस्तार पूर्व-पश्चिम मोजायचा, उत्तर-दक्षिण मोजायचा, सरासरी काढायची. सात आणि आठ मीटर आले तर साडेसात, गुणिले तीन, साडेबावीस मिलिलिटर. ते पाण्यात मिसळून बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या साधारण मधोमध गोलाकार पंचवीस-तीस छिद्रं पाडून त्यांत सारखं वाटायचं, छिद्रं १० ते १२ सेंटिमीटर खोल. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी तण काढायचं, नाहीतर औषध तणाच्या मुळांना. जमीन ओली हवी, पण धो धो पाऊस चालू असताना घालायचं नाही, वाहून जातं.

आता गाइडं काय करतात? काही ‘दर झाडी ३० मिलि’ असा सरसकट आकडा देतात. पाच मीटर विस्ताराच्या झाडाला तो दुप्पट होतो. हे औषध झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक रोखून वाढ थोपवतं, म्हणून मोहर लवकर येतो. मात्रा जास्त झाली की पालवी खुरटते आणि मोहराचे गुच्छ आखूड, दाटीवाटीचे होतात. काही पुस्तकं ‘व्यास’ऐवजी ‘घेर’ लिहितात. तो मुद्रणदोष असेलही, पण व्यास आणि परीघ यांत तिपटीहून जास्त फरक पडतो. आणि अशक्त, खत न घातलेल्या झाडाला कल्टार घालू नये हे वाक्य तर फार थोड्या ठिकाणी सापडतं. याच विषयावर दापोलीच्या विद्यापीठाच्या पुस्तिका मिळतात. छपाई साधी, भाषा थोडी सरकारी, पण आकड्यांपुढे एकक लिहिलेलं असतं आणि झाडं इथलीच असतात. रत्ना आणि सिंधू या जाती ज्यांनी काढल्या त्यांच्याच घरचं लिखाण ते. रायगडात किल्ला-रोहा, रत्नागिरी जिल्ह्यात लांजा, सिंधुदुर्गात किर्लोस इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. गुळगुळीत रंगीत कागदाचं महागडं पुस्तक घेण्याआधी ही फेरी करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरगुती उद्योगांच्या पुस्तकांबद्दल फार चांगलं लिहिता येत नाही. एका पुस्तकात साठ-सत्तर उद्योग, प्रत्येकाला दीड पान, त्यात अर्धं पान ‘बाजारपेठेत मोठी मागणी आहे’. कोकम सरबताचं पान काढून बघा. फळांच्या पेयांसाठी म्हणून सगळीकडे एकच परिरक्षक, म्हणजे टिकवण्याचं रसायन, दिलेलं असतं, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. आंब्याच्या स्क्वॅशला ते योग्य. कोकमाचा लाल रंग मात्र अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो आणि त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड तो रंग उडवतो. लालबुंद आगळाचं, म्हणजे कोकमाच्या रसाचं, फिकट पाणी झालं की करणारणीला वाटतं फळंच वाईट होती. रंगीत फळांच्या पेयांना सोडियम बेंझोएट वापरतात, हे ज्या पुस्तकात कारणासकट लिहिलंय त्याचा लेखक कधीतरी प्रयोगशाळेत उभा राहिलेला आहे. दुसरी खूण भांड्यांची. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल भरपूर, त्यामुळे ॲल्युमिनियमचं पातेलं, लोखंडी झारा चालत नाही. स्टील, काच किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिक हवं. तिसरी, ‘एकतारी पाक करा’ असं लिहून थांबलंय की रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजायला सांगितलंय? घरच्या दोन बाटल्यांना एकतारी पुरतो. विकायच्या शंभर बाटल्यांत प्रत्येक घाण्याची तार वेगळी लागते, आणि ज्या घाण्यात साखर कमी पडली तो मे महिन्यात फसफसतो.

वायरिंगच्या पुस्तकांत आयटीआयच्या अभ्यासक्रमावर बेतलेली पुस्तकं एकंदर चांगली आहेत. आकृत्या स्वच्छ, जोडण्यांचे क्रम बरोबर, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) कुठे आणि का, हे नीट समजावलेलं. अडतं ते अर्थिंगपाशी. पाइप अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा पुरा, भोवती कोळसा-मीठ भरा, असं सगळी पुस्तकं सांगतात. कातळावर अडीच मीटर खड्डा मारायला ब्रेकर लागतो. मग कारागीर दोन-अडीच फुटांवर पाइप कापतो, वरून सिमेंटची चौकट बांधून देतो, आणि बाहेरून दिसायला सगळं पुस्तकाप्रमाणे. खोल जाता येत नसेल तर आडवी पट्टी पुरायची सोय आय.एस. ३०४३ या मानकात आहे. जीआय पट्टी २५ गुणिले ४ मिलिमीटर, निदान अर्धा मीटर खोल, लांबी १५ मीटरपेक्षा कमी नाही. अंगणाच्या कडेने, माडाच्या आळ्यांजवळून नेली तर ओलही मिळते. हे कोकणातल्या वायरमनला पहिल्यांदा कळायला हवं, पण बहुतेक पुस्तकांत ते एक तर नाही, किंवा असलंच तर परिशिष्टात. मिठाचंही तसंच. जून ते सप्टेंबरच्या पावसात ते वाहून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खातं. एप्रिलमध्ये जांभा कोरडा ठणठणीत झाला की अर्थिंगचा रोध चढतो, म्हणून मोजणी उन्हाळ्यात करायची आणि ती अर्थ टेस्टरने. साध्या मल्टिमीटरने रोध मोजायला सांगणारं पान दिसलं तर ते पुस्तक घेऊ नये.

शिक्षकांसाठीच्या एक्सेलच्या पुस्तकांत यंदा बरी भर पडली आहे. पण बहुतेकांत बटणांची चित्रंच जास्त, आणि ती चित्रं आपल्या संगणकावरच्या आवृत्तीची नसतात. उपयोगी पुस्तक ओळखायचं ते तारखेवरून. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल तर ०५/०७/२०२४ ही पाच जुलै न राहता सात मे होते, गुपचूप. २५/०७/२०२४ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, मजकूर बनून डाव्या कडेला चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या की जन्मतारखांचा घोळ झालाय हे समजावं, आणि उजवीकडच्यांवरही विश्वास ठेवू नये. खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात आणि परत मिळत नाहीत. म्हणून रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग भरायचा, हाच क्रम. पोषण आहाराच्या नोंदीचं उदाहरण असेल तर सोन्याहून पिवळं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. हजेरी २३ आणि १४ असेल तर २.३ अधिक २.१, म्हणजे ४.४ किलो. हे सूत्र एका ओळीचं आहे, आणि महिनाअखेरीचा ताळा त्यातूनच लागतो.

वाड्या-वाड्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांसाठी अध्यापनाचं पुस्तक शोधत असाल तर निराशाच पदरी पडेल. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हे आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, गणित, पण पाठाचे नमुने सगळे एक वर्ग, एक शिक्षक, एक तास असे. एका इयत्तेला शिकवताना बाकीच्या इयत्तांना काय काम द्यायचं, याचं वेळापत्रक असलेलं पुस्तक दिसलं तर इकडेतिकडे न बघता घ्यावं.

राहिला बांधणीचा प्रश्न, आणि कोकणात तो दुय्यम नाही. बहुतेक गाइडं गरम डिंकाने चिकटवलेली असतात. पावसाळ्यात हवेची ओल कागदात शिरते, पानं फुगतात, पाठ ताणते आणि पुस्तक उघडताच मधोमध तुटतं. शिवलेली बांधणी थोडी महाग, पण वर्षानुवर्षं हाताळायच्या पुस्तकाला तीच घ्यावी. पाठीच्या वरच्या टोकाशी पाहिलं की फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, घड्या दिसतात, सपाट डिंक दिसला तर शिलाई नाही. फर्मा बहुधा सोळा पानांचा असतो, म्हणून पानं गहाळ होतात किंवा दुबार येतात तीही सोळाच्या पटीत. १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे दुकानातच चाळावेत. घरी आणल्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नये, आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. वर्तमानपत्राचा कागद पुरे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. कसर लागायला सुरुवात डिंकापाशी होते, तेव्हा पाठ अधूनमधून पाहावी.

स्टँडसमोरच्या स्टॉलवर निम्म्या किमतीत मिळणाऱ्या प्रती बहुधा झेरॉक्सवरून छापलेल्या असतात. अक्षर वाचता येतं, पण आकृत्यांतल्या बारीक रेघा आणि आकड्यांतले दशांश चिन्हांचे ठिपके उडालेले. ०.७५ चं ०७५ झालेलं आम्ही पाहिलंय. प्रश्नसंचाला अशी प्रत चालेल, मात्रा आणि मापांच्या पुस्तकाला अजिबात नाही. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात. नुसत्या तेवढ्यासाठी गाइड घ्यायचं कारण नाही. आणि दुकानदाराला मागच्या वर्षीची प्रत बदलून देता का, हे जूनमध्येच विचारावं. गर्दी ओसरली की तो ऐकत नाही.